कुलूप लावले, किल्ली उंबऱ्यावर

मांडवगण फराट्याच्या एखाद्या शाळेत एकाच संगणकावर अनेक मुले बसतात असे धरू. मुलांचे खाते साधे, शिक्षकांचे प्रशासकाचे. विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या खात्याला लिहिता येत नाही. वेबसाइट शिकवताना वापरतात त्या ‘झॅम्प’चा इन्स्टॉलर मात्र तीच जागा टाळायला सांगतो आणि थेट सी ड्राइव्हवर फोल्डर करतो! तिथल्या नव्या फोल्डरात सहसा साध्या खात्यालाही फेरफार करता येतो. २०२० साली उघड झालेला दोष असा: साधा वापरकर्ता झॅम्पच्या मांडणी-फाइलमध्ये ‘एडिटर’ म्हणून भलताच प्रोग्राम नोंदवी, प्रशासकाने बटण दाबताच तो प्रशासकाच्या अधिकाराने चाले. ७.४.४ आवृत्तीत हे सुधारले. सोयीसाठी सुरक्षितता सोडणे आम्हांला पटत नाही. परवानग्या आवळणे हे इन्स्टॉलरचेच काम. तोवर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ उघडा; ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना फेरफाराची परवानगी असेल तर ती काढा.