सोवळे, पाणी आणि ईश्वरी हेतू : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

ख्रिस्ती आत्मचरित्राचा आदर्श म्हणून ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चा निर्देश होतो. तेथे निवेदक ईश्वरालाच संबोधून गतायुष्य उलगडतो. किशोरवयातील फळांची चोरीही त्या संवादात अर्थ धारण करते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची (१९३४ पासून प्रकाशित) वाट निराळी आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांच्यापुढील प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. तो सोवळ्याचा, पाण्याचा आणि पंक्तीचा होता. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हा त्यांचा निर्णय बाप्तिस्म्यापूर्वीचा आहे. आधी श्रद्धा व मागाहून आचार, हा धर्मांतरकथांचा परिचित क्रम येथे उलटा होतो.

जनाबाईंच्या अभंगांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तेथे विठ्ठल स्वतः दळू-कांडू लागतो व कष्ट हलके होतात. लक्ष्मीबाईंच्या घरी देव कामाला येत नाही. अनाथ मुलांचा सांभाळ असो वा प्लेगच्या छावणीतील शुश्रूषा, काम त्यांनाच करावे लागते; कोणासाठी करावे, याची मर्यादा तेवढी विस्तारते.

लक्ष्मीबाईंच्या विनोदामुळे हा आध्यात्मिक अनुभव उथळ वाटतो, असा आक्षेप संभवतो. परंतु प्रत्येक योगायोगावर ईश्वरी हेतूचा शिक्का मारण्याचा मोह या विनोदामुळेच टळतो. हेतू सांगितला जात नाही. तो आचरणातून वाचकाने ओळखायचा असतो. मराठी ख्रिस्ती गद्याने आत्मचरित्रपर साहित्याला दिलेली ही महत्त्वाची देणगी होय.