जिताड्याचं पाणी

तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. कोकण किनाऱ्यावरचं हे जुनं गणित थोडंफार चुकतं, पण गळ घेऊन निघणाऱ्याला तेवढं पुरतं. पंचांग पाहून आचोळ्याहून निघायचं, नायगावच्या बाजूला मिठागरांच्या बांधावर जाऊन बसायचं, हे मी कित्येक वर्षं करत आलोय. वेळ पंचांगात मिळते. रंग मिळत नाही. तो तिथे जाऊनच वाचावा लागतो, आणि जिताड्याच्या बाबतीत सगळी गंमत त्या रंगात आहे.

जिताडा म्हणजे कुठे खजुरा, गोव्यात चोणक, बंगाल्यांचा भेटकी, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. इंग्रजीत त्याला आशियाई सी-बास म्हणतात. अमेरिकेतले हौशी गळकरी ज्या बासच्या मागे वेडे असतात तो तळ्यातला वेगळा मासा, याचा सख्खा भाऊ नव्हे. तरी दोघांचा एक गुण सारखा आहे: पाणी गढूळ झालं म्हणून यांची शिकार थांबत नाही.

बांधावर बसणाऱ्या नवख्याला सगळं गढूळ एकच वाटतं. तसं नाही. जूनच्या पहिल्या दणक्यात तुंगारेश्वरच्या डोंगरावरून ओढ्यांनी येतं ते तांबडं. त्यात मातीचा वास असतो, काटक्या असतात, पाणी गोडं असतं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगत जातं. याच दिवसांत वलगणीचे मासे शेतांत चढतात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन बाहेर पडतं. दुसरं गढूळ खाडीचं स्वतःचं, राखाडी, साईसारखं दाट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ वर येतो आणि खाडी चहासारखी होते. मग भांगाची भरती आली की ओढ मंदावते, गाळ बसतो, पाणी उजळतं. तिसरं काळं, नाल्याचं. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्यात प्राणवायूच नसतो, मग मासा कुठून असणार. वाईट एवढंच वाटतं की आचोळ्याच्या आसपास आता हे तिसरंच जास्त पाहायला मिळतं.

रंग मोजायची माझी रीत साधी आहे. हात पाण्यात घालायचा आणि बोटं दिसेनाशी कुठे होतात ते पाहायचं. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने 1865 साली भूमध्य समुद्रात पांढरी चकती दोरीने सोडून हेच मोजलं होतं. त्याची चकती आजही शास्त्रज्ञ वापरतात. मला चकती लागत नाही. हात कोपरापर्यंत गेला आणि बोटं धूसर झाली, तर दिवस चांगला. मनगटालाच बोटं गायब झाली, तर शिंगाळ्यांची रांग लागणार हे धरून चालायचं. दहांत आठ वेळा माझ्या गरीला शिंगाळाच येतो, हे इथेच कबूल केलेलं बरं.

पण खरं वाचन एका रेषेचं असतं. खारजमिनीच्या बांधाला जिथे उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार असतं, तिथे ओहोटी सुरू झाली की आतलं पाणी बाहेर पडू लागतं. आतलं एका रंगाचं, खाडीचं दुसऱ्या. दोन्ही लगेच मिसळत नाहीत. काही वेळ पाण्यावर एक तुटक, फेसाळ कड दिसते, कुणी खडूने ओढल्यासारखी. आतून वाहत येणारी कोलंबी, बोयटं, निवट्यांची पिल्लं त्या कडेशी गोंधळतात. जिताडा कडेच्या गढूळ अंगाला तोंड आत करून उभा असतो, असा माझा अनुभव आहे. सगळीकडे सारखंच गढूळ असलेलं पाणी मला मुकं वाटतं. कड असलेलं पाणी बोलतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पावसाळा सरताना पुराचं पाणी ओहोळांतून नदीत उतरतं, तेव्हा तिथले लोकही अशाच कडा शोधत फिरतात. त्यांच्याकडे मोटरबोटी असतात, आमच्याकडे बांध.

आता मासाच हातात घेऊन पाहा. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. डोळा रात्री बॅटरीच्या उजेडात निखाऱ्यासारखा लाल चमकतो, कारण त्याच्या आत उजेड परतवणारा थर असतो आणि अंधुकातला थोडासा प्रकाशही तो दोनदा वापरतो. या सगळ्याहून मला आवडते ती अंगावरची बारीक रेघ. ही पार्श्वरेषा बहुतेक माशांना असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसांना पाण्याची हालचाल कळते. बऱ्याच माशांत ती शेपटीच्या मुळाशी संपते. जिताड्यात ती थांबत नाही, थेट शेपटीच्या परावरून टोकाकडे जाते. गढूळ पाण्यात जगणाऱ्याने आपलं कानाचं काम शेपटीपर्यंत लांबवलंय, असं मला दर वेळी वाटतं.

या रेघेची एक मर्यादा आहे, आणि सगळी कला त्या मर्यादेतून निघते. तिला जवळचंच कळतं, अंगाच्या एक-दोन लांबींपुरतं. स्वच्छ पाण्यात मासा लांबून आमिष पाहून धावत येतो. गढुळात तो लांबून येत नाही, आपल्यालाच त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून अमेरिकन गळकरी पाणी गढुळलं की बुडालेल्या ओंडक्याला घासूनच आमिष टाकतो, ते सावकाश ओढतो, आत खुळखुळणारं किंवा पातं गरगर फिरवणारं वापरतो, आणि रंग बहुधा काळा निवडतो, कारण खालून वर पाहणाऱ्या माशाला आभाळासमोर काळी आकृती ठसठशीत दिसते. आमच्या उघाडीवरचा माणूस यातलं काहीही न वाचता तेच करतो. तो मेलेली कोलंबी लावत नाही. जिवंत बोयटं पाठीत अलगद गरी घालून सोडतो आणि त्याला उघाडीच्या दगडालगतच फडफडू देतो. बोयट्याची ती फडफड म्हणजेच त्याचा खुळखुळा.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा डोळे फाडून दोरीकडे पाहत होतो. शेजारचे काका म्हणाले, "पानी बग नको, तंगूस बोटात धर." नायलॉनचा तो तंगूस तर्जनीवर ठेवला की खालचं सगळं बोटाला येतं. बोयट्याचं थरथरणं सारखं चालू असतं. मग अचानक ते घाबरतं, थरथर दुप्पट होते. हा क्षण मी अख्ख्या प्रकारात सगळ्यांत वरचा मानतो. मासा अजून लागलेला नाही, पण खाली कुणीतरी आलंय हे बोटाला कळलेलं असतं. त्यानंतर जिताडा चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. पाण्याच्या वरच्या थरात असला तर 'भुप्प' असा पोकळ आवाज येतो, माठ बुडवल्यासारखा. नवखा तिथेच हिसका देतो आणि गरी रिकामी वर येते. एक श्वास थांबायला हवं. तेवढं थांबणं मला जमायला तीन पावसाळे लागले.

खाताना मात्र गढुळाचा हिशेब चुकवावा लागतो. गोड्या तळ्यात वाढलेल्या जिताड्याला कधी कधी मातकट वास येतो. तो जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसात जमिनीतून येणाऱ्या ज्या वासावर आपण खूश होतो, त्याचाच. हवेत तो सुगंध आणि ताटात दोष. आंबटापुढे तो टिकत नाही, आणि आगरी कालवणात चिंच किंवा आंबोशी पडते त्यामागे चवीखेरीज हेही कारण असावं. खाडीच्या उधाणातल्या जिताड्याला असं काही लपवावं लागत नाही. त्याचं पातळ कालवण आणि तांदळाची भाकरी. नारळ जास्त घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं माझं मत आहे, आणि घरात ते कुणालाही मान्य नाही.

ज्या गाळाला आपण नावं ठेवतो त्याचा इतिहासही जवळच आहे. सोपारा हे एके काळी देशातलं मोठं बंदर. भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये तिथला स्तूप उकरला, तेव्हा जहाजं येणं बंद होऊन शतकं उलटली होती. बंदर बुडालं त्यात गाळाचा हात होता. तो गाळ खाडीत राहिला, त्यावर तिवरं वाढली, तिवरांच्या मुळांत जिताड्याची पिल्लं वाढतात. म्हणजे व्यापाऱ्यांनी सोडलेली जागा माशाने घेतली.

पिल्लांचा विषय निघालाच आहे म्हणून एक विनंती. जिताडा जन्मतो तो बहुधा नर म्हणून, आणि काही वर्षांनी त्यातल्या अनेकांची मादी होते. पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे निघतात. आषाढ-श्रावणात पाच-सहा किलोंच्या वरचा जिताडा तुमच्या गरीला लागला तर फोटो काढा, गरी सोडवा आणि त्याला दोन्ही हातांनी धरून तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात सोडा. ती बहुतेक मादीच असते.