एक ग्रॅम युरेनियम आणि किल्लारी

अणुऊर्जेवरच्या नेहमीच्या धड्यात एक वाक्य हमखास असते: एक ग्रॅम युरेनियमपासून सुमारे तीन टन कोळशाइतकी ऊर्जा मिळते. मुले ते पाठ करतात, आपण त्यावर एक गुण देतो. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे.

हा हिशेब युरेनियम-२३५ चा, आणि तोही त्यातील प्रत्येक अणुकेंद्राचे विखंडन झाले असे धरून केलेला. तेवढ्यातून सुमारे २४,००० युनिट उष्णता मिळेल आणि तिच्यापासून फार तर आठ हजार युनिट वीज. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये मात्र २३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत एक किलो नैसर्गिक युरेनियम साधारण सात मेगावॅट-दिवस उष्णता देऊन बाहेर पडते. नववीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या. ग्रॅममागे उत्तर येते सुमारे पन्नास युनिट वीज. आठ हजार कुठे, पन्नास कुठे! ही तफावत कळली की होमी भाभांना तीन टप्प्यांचा कार्यक्रम का आखावा लागला, हे सांगावे लागत नाही. न जळलेल्या युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम, त्यावर शीघ्र प्रजनक अणुभट्टी, मग थोरियम. धड्यात मात्र या टप्प्यांची नुसती नावे येतात.

या टप्प्यांना किती वेळ लागतो, तेही सांगायला हवे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. ती २०१० मध्ये पूर्ण व्हायची होती. गाभा भरायला सुरुवात झाली २०२४ मध्ये. सन २००० पर्यंत १०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात तीन हजारही झाले नाहीत. आता २०४७ साठी एक लाख मेगावॅट म्हटले जाते. २०२५ अखेरची क्षमता नऊ हजारांच्या आत आहे. खुद्द भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे वीस वर्षांत संमीलन ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले होते. ते थोर होते, भाकीत चुकले. दोन्ही गोष्टी एकाच तासात सांगता येतात.

सुरक्षिततेवर धडा चेर्नोबिलला जातो, फार तर फुकुशिमाला. लातूरच्या मुलांसाठी इतके लांब जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. जमीन तीच होती, आपली समजूत बदलली. म्हणून तारापूर असो वा प्रस्तावित जैतापूर, ‘दख्खनचा खडक स्थिर आहे’ हे उत्तर पुरत नाही. त्या जागेचे स्तरभंग, जुने भूकंप आणि भट्टी किती हादरा सोसेल याचा हिशेब, हे सारे मागायला हवे. मी अणुविजेच्या विरोधात नाही, आणि म्हणूनच हा आग्रह धरतो. ज्यांच्या घरची माती हलली, त्यांना ‘काळजी नको’ एवढ्यावर कोणी पटवू नये.

धड्यातले ‘शेतीतील उपयोग’ तर एका ओळीत उरकतात. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला उडीद काही नवा नाही. टीएयू-१ हा उडदाचा वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या कामातून १९८५ मध्ये महाराष्ट्रासाठी आला. प्रारणाने घडवलेल्या उत्परिवर्तित वाणाशी संकर करून तो तयार झाला. यावर मुले विचारतातच, मग वरणात किरणोत्सर्ग येतो का? येत नाही. गॅमा किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही. बदलतात ती जनुके, आणि पुढच्या पिढ्यांत जाते ती तेवढीच.