‘केकावली’ची पार्श्वभूमी कुठे शोधायची?

बारामती-इंदापूर भागातल्या जुन्या साहित्यावर काम करायचं ठरवलंत, तर मोरोपंत (1729–1794) टाळता येत नाहीत. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत राहिले. शाळेत आपण त्यांना ‘यमकांचे कवी’ म्हणून शिकतो आणि कोरडे ठरवून मोकळे होतो. मग ‘केकावली’चं काय करायचं?

ही जिवलगाला घातलेली हाक आहे. तो जिवलग म्हणजे देव. तिची पार्श्वभूमी आख्यायिकांत शोधण्याआधी संहिता नीट बघा.

शीर्षक: केका म्हणजे मोराचा आवाज. मोरोपंत स्वतःला ‘मयूर’ म्हणवतात. मोर ढगाला बोलावतो, हा मयूर घनश्यामाला.

वृत्त: महाभारत सांगताना त्यांनी आर्या वापरली. इथे 17 अक्षरांची पृथ्वी आहे.

संबोधन: आर्याभारतात ते श्रोत्यांना कथा सांगतात. इथे थेट देवाशी बोलतात. विनवतात, वादही घालतात.

शब्दांची कारागिरी इथेही भरपूर आहे, पण सगळी आर्तता शीर्षकातल्या त्या श्लेषावरच उभी आहे. म्हणून ‘पंडिती म्हणजे कोरडं’ हे गृहीतक घेऊन प्रबंध सुरू करू नका. चरित्रातला प्रसंग जरूर घ्या, पण संहितेने त्याला दुजोरा दिला तरच.