पैसा आरोपी, धनी तिऱ्हाईत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण चौरंगावर नाणी मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. पैसा ही निर्जीव वस्तू आहे हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असते. पण त्या एका संध्याकाळपुरते आपण तिला देवत्व देतो, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पैशाला सजीव मानण्याची अशीच एक रीत अमेरिकेच्या कायद्यातही आहे. फरक इतकाच, की तिथे पैशाला चौरंगावर न बसवता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. ‘अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ हे कोणा विनोदी लेखकाला सुचलेले शीर्षक नव्हे. २००६ साली तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने निकालात काढलेल्या खटल्याचे ते नाव आहे.

या कायद्यावर बेतलेला ‘रेबेल रिज’ हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. लेखन आणि दिग्दर्शन जेरेमी सॉल्निए यांचे. २०२५ साली दूरचित्रवाणीसाठीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे एमी पारितोषिक त्याला मिळाले. वरवर पाहता हा एकटा वीर आणि भ्रष्ट गाव यांच्या झुंजीचा, नेहमीच्या धाटणीचा चित्रपट आहे. तरीही त्याची दखल गंभीरपणे घेतली पाहिजे. कारण त्याच्या पूर्वार्धात एक मोठे सत्य हाती लागले आहे, आणि उत्तरार्धात ते हातून निसटले आहे.

कथा लुइझियाना राज्यातल्या एका काल्पनिक गावात घडते. टेरी रिचमंड हा मरीन दलातून निवृत्त झालेला कृष्णवर्णीय तरुण सायकलवरून गावाकडे निघाला आहे. पिशवीत रोख ३६ हजार डॉलर आहेत. त्यातल्या दहा हजारांत कोठडीत असलेल्या भावाचा जामीन भरायचा आणि उरलेल्या पैशांत ट्रक घेऊन धंदा सुरू करायचा, असा त्याचा बेत आहे. वाटेत पोलिसांची गाडी त्याला धडक देऊन पाडते. झडती होते, पैसे सापडतात. हे पैसे अमली पदार्थांच्या व्यापारातले असावेत असा पोलीस संशय घेतात, पैसे जप्त करतात आणि टेरीला सोडून देतात. त्याच्यावर आरोप नाही, त्याला अटक नाही. तो मोकळा आहे; गेले आहेत ते फक्त पैसे.

पुढचा प्रसंग या चित्रपटातला सर्वांत मार्मिक म्हणावा लागेल. टेरी पोलीस ठाण्यात जातो आणि चोरीची तक्रार नोंदवू पाहतो. चोर कोण, हे अर्थातच समोर बसलेल्यांना ठाऊक असते. आरॉन पिअर या नटाने इथे आवाजाची पट्टी जराही चढू दिलेली नाही. राग आहे, पण तो डोळ्यांतच कोंडलेला. कारण हात उगारला की आपण खरोखरीचे गुन्हेगार ठरू, हे त्याला पुरते कळते. ठाण्याच्या प्रमुखाच्या भूमिकेत डॉन जॉन्सन यांनीही बोलण्यात गावच्या यजमानाचा मोकळेपणा राखला आहे. दोन माणसे सभ्यपणे बोलत आहेत आणि त्या सभ्यतेआड एका माणसाची कमाई गिळली जात आहे. इतके परिणामकारक दृश्य पुढच्या कोणत्याही हाणामारीतून साधलेले नाही.

न्यायालयात काम करणारी समर नावाची मुलगी टेरीला हा कायदा समजावून सांगते, आणि ती जे सांगते ते बव्हंशी खरे आहे. जप्तीचा हा दावा माणसावर नसतो, वस्तूवर असतो. वस्तू प्रतिवादी, तिचा धनी केवळ हक्क सांगायला आलेला तिऱ्हाईत. दावा दिवाणी, म्हणून फौजदारी आरोपीला मिळणारी संरक्षणे त्याला नाहीत. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क इथे सहसा लागू होत नाही. धन्याने ठराविक मुदतीत लेखी हक्क सांगितला नाही, तर संघीय खाती प्रकरण न्यायाधीशापुढे न नेताच पैसे खालसा करू शकतात. बहुतेक प्रकरणांचा शेवट असाच होतो. पाच हजार डॉलर सोडवायला वकिलाला तितकेच मोजावे लागत असतील, तर शहाणा माणूस घरी बसतो.

या रीतीचे मूळ समुद्रावर आहे. चाचेगिरी करणारे, जकात चुकवणारे जहाज बंदरात सापडे, पण त्याचा मालक दूर देशी असे. मग जहाजावरच खटला भरीत. १८२७ साली ‘पाल्मिरा’ या जहाजाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना उचलून धरली. मालक हाती लागत नाही म्हणून वस्तू धरायची, हे त्या काळी समजण्यासारखे होते. पण टेरी तर समोरच उभा आहे! खरी मेख १९८४ सालच्या कायद्यात आहे. खालसा झालेला पैसा पोलिसांनी आपल्याच कामासाठी वापरावा, अशी वाट त्या कायद्याने करून दिली. स्थानिक पोलिसांनी संघीय खात्याच्या मदतीने जप्ती केली, तर वसुलीचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांना परत मिळू शकतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१४ साली दिलेला हिशेब असा : सप्टेंबर २००१ नंतर या वाटणीच्या योजनेखाली वॉरंटाशिवाय, गुन्हा न नोंदवता, ६१,९९८ वेळा रोकड जप्त झाली, एकूण रक्कम अडीच अब्ज डॉलरांहून अधिक.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. अमली पदार्थांचा व्यापार रोखीवर चालतो. पैसे वाहून नेणारा पकडला गेला, की ‘हे माझे नव्हेत’ म्हणून हात झटकतो, आणि मूळ व्यापारी परदेशात सुखरूप असतो. अशा वेळी पैसे सोडून द्यायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. पण ज्याच्या तिजोरीत पैसे पडणार, त्यानेच संशय घ्यायचा, ही व्यवस्था त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. कुंपणाने शेत खाल्ले तर कुंपणाला दोष देता येईल. इथे तर कायद्यानेच कुंपणाला पीक नेमून दिले आहे.

इथवर दिग्दर्शकाची पकड पक्की आहे. मग गोष्ट पुढे सरकते, आणि आपल्याला कळते की या ठाण्यात याहून काळे काही शिजते आहे. एका दाव्यात ठाणे आर्थिकदृष्ट्या बुडाले आहे. किरकोळ गुन्ह्यातल्या लोकांना मुद्दाम ९० दिवस कोठडीत ठेवले जाते, कारण तेवढ्या मुदतीनंतर पोलिसांच्या गाडीतले चित्रण पुसले जाते. समर हे उघड करू पाहते, तेव्हा पोलीस तिच्या जिवावर उठतात. टेरी मग आपले सैनिकी कौशल्य बाहेर काढतो. शक्य तोवर कोणाचा प्राण न घेता तो लढतो, हे या चित्रपटाचे वेगळेपण खरे. शेवटी त्याच ठाण्यातल्या काही जणांचे मन पालटते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो.

तो श्वासच मला खटकतो. पूर्वार्धात जे घडले ते सारे कायद्याच्या चौकटीत बसवता येण्यासारखे होते, आणि म्हणूनच ते भयंकर होते. उत्तरार्धात लेखकाने त्याच पोलिसांना कारस्थानी ठरवले. कायदेशीर अन्यायाची गोष्ट बेकायदा गुन्ह्याची गोष्ट होऊन बसली. गुन्ह्याला खलनायक असतो, पुरावा असतो, शेवट असतो. कायदेशीर अन्यायाला यांतले काहीच नसते. दुष्ट प्रमुख हरला की कायदाही हरला, असे प्रेक्षकाला वाटते. पण कायदा जागच्या जागी असतो.

सुरुवातीला सांगितलेला १,२४,७०० डॉलरांचा खटलाच पाहा. २००३ साली नेब्रास्का राज्यातल्या हमरस्त्यावर वेगाने गाडी हाकणाऱ्या एकाला पोलिसांनी थांबवले. गाडीत अमली पदार्थ सापडले नाहीत. शीतपेटीत रोकड सापडली. शीतगृहाची सोय असलेला ट्रक विकत घेण्यासाठी आपण हे पैसे जमवले, असे त्याचे म्हणणे. टेरीलाही ट्रकच घ्यायचा होता! पोलिसांचा कुत्रा पैशांपाशी घुटमळला. त्या माणसावर अमली पदार्थांचा गुन्हा कधीच दाखल झाला नाही. खालच्या न्यायालयाने निकाल धन्याच्या बाजूने दिला. अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. इथे कोणी चित्रण पुसले नाही, कोणी कोणाच्या जिवावर उठले नाही. सगळ्यांनी आपापले काम नेमस्तपणे केले आणि पैसे गेले. या गोष्टीचा चित्रपट कोण काढणार?

असा चित्रपट निघू शकतो, याची साक्ष आपल्याच घरात आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. त्यात शेतकऱ्याची जमीन जाते ती तलवारीने नव्हे, कागदाने. आणि तो शहरात जाऊन गिरणीतला मजूर होतो. सावकार तिथे दुष्ट आहेच, पण कोणी वीर येऊन त्याला लोळवीत नाही. त्यामुळे ती व्यथा पडद्यावर मिटत नाही. प्रेक्षक ती बरोबर घेऊन घरी जातो. सॉल्निए यांच्यापाशी तंत्र आहे, नट आहेत, अभ्यास आहे. नव्हता तो एवढा धीर. शिवाय टेरीच्या अंगात बळ आहे म्हणून तो लढला. ज्याच्या अंगी ते नाही, त्या भाजीवाल्याने, त्या विधवेने काय करावे, याचे उत्तर या चित्रपटापाशी नाही.

प्रत्यक्षातले उत्तर संथ आहे आणि रंगतदार मुळीच नाही. न्यू मेक्सिकोने २०१५ साली आणि मेन राज्याने २०२१ साली ही दिवाणी जप्तीची पद्धत मोडीत काढली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की बेसुमार दंडाची घटनेतली बंदी राज्यांनाही लागू आहे. पण २०२४ साली, जप्त झालेल्या मोटारींच्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की जप्ती चालू ठेवावी की नाही यासाठी आधी वेगळी सुनावणी घेण्याचे घटनात्मक बंधन नाही. एक पाऊल पुढे, एक मागे.

‘रेबेल रिज’ अवश्य पाहावा, घरातल्या जाणत्या मुलांसह पाहावा. तक्रार नोंदवायला आलेला तो तरुण ठाण्यातल्या खिडकीपाशी उभा राहतो, तिथे क्षणभर थांबावे. त्या क्षणी त्याने कोणाला बोटही लावलेले नाही, त्याच्या नावावर एकही गुन्हा नाही. आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यायला समोरच्यांपाशी कागद नाही.