'फितूर' म्हणून पुढे जाऊ नका

निकालपत्रात 'साक्षीदार फितूर' असं दिसलं की आपण टिपण काढतो आणि पान उलटतो. तिथंच थांबा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. बरेच साक्षीदार आधीच्या जबाबावरून फिरले होते. 'फितूर' म्हटलं की सगळा दोष त्यांच्यावर जातो. पण साक्ष देऊन माणसाला परत त्याच गावात राहायचं असतं.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 15-अ 26 जानेवारी 2016 पासून, म्हणजे निकालाच्या बऱ्याच आधी, लागू झालं. साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी त्यात सरकारवर आहे; प्रवासखर्च, स्थलांतर पुरवण्याची विशेष न्यायालयावर. संस्था-कार्यकर्त्यांची मदत घेणं हा मात्र पीडित कुटुंबाचा नुसता हक्क; ती मदत पुरवायची कुणी, ते लिहिलेलं नाही. माझा आक्षेप इथं आहे.

म्हणून 'साक्षीदार का फिरले?' एवढंच विचारू नका. पहिल्या जबाबापासून साक्षीच्या दिवसापर्यंत त्यांच्यासोबत कोण होतं, हे विचारा. निकालपत्रात याचं उत्तर क्वचितच सापडेल. संरक्षणाचे अर्ज, भत्त्याच्या नोंदी बघा, आणि गावात जाऊन माणसांशी बोला.