पाठमोरी मुलगी : ‘बटाटे खाणारे’ आणि सहभोजनाचा अन्वयार्थ

ग्रामीण कुटुंबाचे साधे सहभोजन हा युरोपीय चित्रकलेतील जुना विषय होय. त्याविषयी लिहिताना समीक्षेचा कल बहुधा सात्त्विकतेकडे झुकतो : अन्न थोडे, पण वाटून खाल्लेले. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘बटाटे खाणारे’ (१८८५) या चित्राचाही असाच अर्थ लावला जातो. तो चित्रातील पाठमोऱ्या मुलीपाशी अडतो.

नेदरलँड्समधील न्यूनेन या खेड्यातले शेतकरी कुटुंब टांगलेल्या एका दिव्याखाली जेवत आहे. माणसे पाच, बटाट्यांचे ताट एकच. उजवीकडची स्त्री कॉफी ओतते. बटाटे मात्र कोणी कोणाला वाढत नाही, ज्याचा तो उचलतो. पंक्तिप्रपंचाला येथे वाव नाही. तथापि नजरा जुळत नाहीत. डावीकडची स्त्री शेजारच्या पुरुषाकडे पाहते, तो तिच्याकडे पाहत नाही. ‘सहभोजना’तील ‘सह’ चित्रकाराने ताटापुरताच ठेवला आहे.

एप्रिल १८८५ मध्ये भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने आपला हेतू विशद केला. ताटाकडे जाणाऱ्या याच हातांनी या माणसांनी जमीन खणली आहे, म्हणून हे अन्न त्यांनी प्रामाणिकपणे मिळवलेले आहे, असा त्याचा आशय. चित्रातील हाडकुळे, गाठाळ हात या विधानाला पुष्टी देतात. (त्याच विषयाच्या शिळाछापातील शरीररचनेवर व्हान रापार्ड या चित्रकार-मित्राने घेतलेला आक्षेप येथे गौण ठरतो.) मुलीचे हात मात्र दिसत नाहीत. चेहराही नाही, वाफेसमोरचा एक काळोखा आकार तेवढा आहे. श्रम आणि घास यांचे पत्रातील समीकरण तिला लागू करता येत नाही. ताटावरचा तिचा हक्क कमाईचा नाही, त्या घरात असण्याचा आहे. चित्रकाराच्या पत्राला चित्राचे अंतिम भाष्य मानण्याची प्रथा किती अपुरी आहे, हे येथे कळते.

लुव्हर संग्रहालयातील ल नँ बंधूंचे सतराव्या शतकातील ‘शेतकरी कुटुंब’ हे चित्र शेजारी ठेवले असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे पाव आहे, वृद्धेच्या हाती मद्याचा पेला आहे. त्यामुळे ख्रिस्ती प्रसादविधीचे सूचनही होते. मुले अनेक, त्यांतला एक बासरी वाजवतो. जेवताना मात्र कोणी दिसत नाही. त्या बालमुद्रांनी प्रेक्षकाची अनुकंपा सहज जागते. व्हॅन गॉगने ही सोय नाकारली आहे.

मराठी दलित आत्मकथनांत, उदाहरणार्थ शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४), भुकेले बालपण स्वतःच निवेदक होते, भाकरीकडे वाचक त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. न्यूनेनच्या मुलीला असा आवाज नाही. परंतु तिची पाठ चित्राच्या अग्रभागी असल्याने प्रेक्षकाला तिच्या मागे उभे राहूनच ते ताट पाहावे लागते, आणि त्यातले किती तिच्या वाट्याला येईल हे तेथून दिसत नाही.